मंगळावरचं दगडफूल

मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणायचो. तिच्यात नि माझ्यात दहा-बारा वर्षांचं अंतर, त्यामुळे मी आईपेक्षा तिच्याच कडेवर वाढले. सावली या बाजारगावाजवळच्या आमच्या धानाच्या गावात तिच्या बरोबरीच्या पोरी लेकुरवाळ्या झाल्या होत्या आणि ती अजून घरीच होती. कारण गावात सगळ्यांना पाठ होतं. तिला मंगळ होता, आणि तोही, भटजींच्या शब्दांत, कडक.

पाहुणे यायचे, पोहे खायचे, पोह्यांची तारीफ करायचे आणि पत्रिका घेऊन जायचे. मग काही दिवसांनी नकाराचा निरोप यायचा. पोहे मात्र एकानंही कधी नाकारले नाहीत. आई चुलीपुढं बसून मंगळाला अशा शिव्या द्यायची, जसा काही तो तिचा सख्खा दीर होता. बाबा धानाच्या बांधीकडे निघून जायचे. मला मात्र मंगळ आवडायचा. तो होता म्हणून बाई माझ्याजवळ होती.

आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या वर्षीची ही गोष्ट. गाव होतं तिथंच राहिलं. त्या भाद्रपदात मंगळ भलताच मोठा दिसत होता. दिवेलागणीला तो तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, वर यायचा, पिकल्या टेंभराच्या फळासारखा तांबूस. आई म्हणायची, "पाह्य कसा डोये वटारून पाहून राह्यला मेला!"

बाई चौथीपर्यंत शिकलेली होती आणि मिळेल तो कागद वाचायची. सावलीच्या बाजारातून जिऱ्याची पुडी आली, की जिरं डब्यात आणि कागद बाईच्या हातात. अशाच एका पुडीवर मंगळाची बातमी निघाली. तिथं हवा विरळ आहे, पाणी जवळजवळ नाही, थंडी कडाक्याची. तरीही मोठ्या दुर्बिणींतून हिरवट डाग दिसतात, आणि काही शास्त्रज्ञांना वाटतं की तिथं जीव असलाच तर तो दगडफुलासारखा... कागद तिथंच फाटलेला होता. उरलेला मजकूर बाजारात कुणाच्या तरी धण्याबरोबर गेला असणार.

"मंग पुढं काय असन?" मी विचारलं.

बाईनं मसाल्याचा डबा काढला. त्यातून दगडफुलाचा एक तुकडा घेऊन माझ्या तळहातावर ठेवला. काळपट, चुरगळलेला, वजन म्हणून नाही. "हे पाह्य," ती म्हणाली, "मंगळावरचं माणूस."

पुढचं सगळं तिनं स्वतः रचलं. आम्ही मागच्या ओसरीवर शेंगा सोलत बसायचो आणि मी विचारत राहायची. त्यांना तोंड असेल का? "खायलेच काई नाई, त तोंड कायले पायजे?" पाय? "जायचं कुठी त्याइले?" मग ते दिवसभर करतात काय? "दगडाले धरून रायतात. वाट पायतात. दव पडलं का उलगडतात, वाळलं का मिटून घेतात. वर्साले नखाएवढे वाढत असतीन."

"आन त्याइचं लगन?"

"कायचं लगन! जिथी उगवलं तिथीच राह्यचं."

मला ते जग फार पसंत पडलं. तिथं कुणी पाहुणे येत नव्हते. कुणाची बाई कुठं जात नव्हती.

एकदा तिनं वाटीत पाणी घेऊन तो तुकडा त्यात टाकला. आम्ही दोघी वाटीवर वाकून बसलो. हळूहळू तो मऊ पडला, कडा सुटल्या, आणि काळपटातून थोडा हिरवा रंग वर आला. "जितं झालं!" मी ओरडले. आई आली, तिनं वाटी पाहिली, मसाल्याची नासाडी केली म्हणून दोघींना झोडलं आणि मंगळावरचं माणूस उचलून रश्श्यात टाकलं.

रात्री जेवताना बाई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "तिथल्या पोरीइच्या पत्रिकेत आपली पृथ्वी असन ना वं? कडक पृथ्वी! आपल्यापायी त्याइचे लगन अडून राह्यले असतीन." आणि तोंडावर हात ठेवून हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. ते तिखटानं, असं मी समजले.

धान कापून झालं आणि भटजींनी उपाय सांगितला. पहिलं लग्न मडक्याशी लावायचं, मंगळाचा कोप त्या मडक्यावर जाईल, मग पोरगी मोकळी. कुंभारानं नवं मडकं आणून दिलं. बाई हळदीच्या लुगड्यात पाटावर बसली, समोर नवरा मडकं, त्याला मुंडावळ्या बांधलेल्या. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, मी अक्षता टाकल्या. नंतर बाबांनी मडकं तलावात नेऊन बुडवलं.

त्या दिवशी माझ्याइतकं खूश गावात कुणी नव्हतं. माझा हिशेब सरळ होता. बाईचं लग्न झालं, आता पुन्हा कुणी पाहायला येणार नाही. आणि नवरा तर आमच्याच तलावात! सासर हाकेवर. मी रोज पाळीवर जाऊन जावयाला हाक मारून यायची. आईला हे कळलं तेव्हा ती हसली नाही. पदरानं डोळे पुसत आत गेली, आणि ती का रडली ते मला उन्हाळ्यात कळलं.

उन्हाळ्यात सिरोंच्याकडचा एक बिजवर आला. त्यालाही मंगळ होता. पोहेही न खाता त्यानं होकार दिला. बैलगाडी निघाली तेव्हा मी चाकाला मिठी मारून बसले. "तुहं लगन झालं हाये!" असं मी ओरडत होते आणि वऱ्हाडी हसत होते. बाई हसली नाही. तिनं खाली उतरून माझ्या मुठीत काहीतरी कोंबलं आणि पुन्हा गाडीत जाऊन बसली. मूठ उघडली तर आत दगडफूल होतं.

सिरोंचा तेव्हा दूर म्हणजे फारच दूर, पार तेलुगू मुलखाच्या वेशीवर. पावसाळ्यात नाले भरले की रस्ता बंद, उन्हाळ्यात तिच्या घरची कामं. मंगळ दर दोन वर्षांनी जवळ येतो, हे मी पुढं शाळेत शिकले. बाई त्याच्यापेक्षाही कमी वेळा आली. तो दिसला की मला तिची अशी आठवण यायची, की मी आत जाऊन दार लावून घ्यायची.

माझं लग्न चांद्याला झालं, पोरं झाली. मंगळावर यंत्र उतरल्याची बातमी आली, त्या दिवाळीला बाई माझ्याकडे आली होती. वाळली होती. बोलणं कमी झालेलं, त्यातही अर्धं तेलुगू. मला एकदा चुकून "चेल्ली" म्हणाली, तिकडं धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. घर माणसांनी भरलेलं होतं, आम्हाला दोघींना निवांत बसायला मिळालंच नाही. शेवटी एसटी स्टँडवर, ती खिडकीशी बसल्यावर, मी तिला मंगळाची बातमी सांगितली. लाल दगड आणि लाल माती, बाकी काही सापडलं नाही म्हणे. दगडफूलसुद्धा नाही.

तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली. मला वाटलं, सारं विसरली असेल.

गाडी हलली तशी ती खिडकीतून वाकली, माझा हात धरला आणि घाईघाईनं म्हणाली, "पाणी टाकून पाह्यलं काय पण त्याइनं?"

हात सुटला. तिनं तोंडावर पदर धरला होता, आणि ती हसत होती की काय, ते मला धुळीत दिसलं नाही.