हळद उतरेपर्यंत

त्या बाईचा आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. पोलीस खात्यात मी पुष्कळ गुन्हे पाहिले आणि पुष्कळ विसरलो. हा विसरता येत नाही, कारण यातला गुन्हेगार मी शोधलाच नाही. तो मला दाखवण्यात आला, आणि तोही भर मांडवात.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. मी नवा फौजदार, नेमणूक कल्याण तालुक्यात. कोपरच्या बाजूला खाडीकाठी तेव्हा आगरी मंडळींची गावं, मिठागरं आणि भातशेती होती. रेल्वेलाइनीलगतच्या जमिनींना नुकताच भाव येऊ लागला होता. भाव आला की भाऊबंदकी आलीच.

एका संध्याकाळी पोलीस पाटलाचा निरोप आला की गावच्या धवलारणीवर कोयत्याचे वार झालेत. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन विधी करवून घेणारी बाई ती धवलारीण. मांडवात तिचा शब्द शेवटचा. नवऱ्या मुलाचा बापसुद्धा तिच्यापुढे तोंड उघडत नाही. ही बाई पन्नाशीची होती. मिठागराच्या बांधावरून घरी येताना तिच्यावर मागून वार झाले, एक डोक्यावर आणि एक खांद्यावर. ती चिखलात कोसळली. मेली असं समजून मारणारा पळाला. ती वाचली याचं डॉक्टरांनाच नवल वाटलं.

मी ठाण्याच्या इस्पितळात तिचा जबाब घ्यायला गेलो.

"काय दिसला नाय, सायब. पाटीमागून आला," ती म्हणाली.

"कोणावर संशय?"

"नाय."

एवढं बोलून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी तिचा दीर चौकीवर आला. मिठागरावर कामाला असलेल्या एका घाटावरच्या गड्याचं विहिरीवर वहिनीशी भांडण झालं होतं, ही खबर त्याने दिली. बोलताना त्याचे डोळे भरून आले. आम्ही गड्याला उचललं. त्याच्या झोपडीत कोयताही मिळाला. पण कोयता त्या भागात घरोघरी, त्याचं काय मोठंसं! मी त्याला उलटसुलट विचारलं. आमच्या जमादाराचे हात शिवशिवत होते, त्याला मी बाहेर उभं केलं. खोटं बोलणारा माणूस आपली गोष्ट दर खेपेला सुधारत जातो. या गड्याची गोष्ट दर खेपेला तितकीच ओबडधोबड होती. भांडलो, शिवी दिली, मग घरी जाऊन भाकरी खाल्ली. तेवढंच.

माझं मन खात होतं, तरी हाताशी दुसरं कोणी नव्हतं. मी पुन्हा इस्पितळात गेलो आणि तिला सांगितलं, "बाई, माणूस सापडला. मिठागरावरचा गडी. लॉकअपात आहे."

ती ताडकन उठून बसली. टाके ओढले गेले असणार, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

"तो नाय. त्याला सोड."

"तुम्हाला तर कोणी दिसलंच नव्हतं ना? मग तो नाही हे कशावरून?"

ती गप्प झाली. मीही गप्प बसलो. चौकशीत गप्प बसणं हे बोलण्याइतकंच कामाचं असतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मना ठाव हाय कोन व्हता. पन आता नाय सांगनार. पोरीचा लगीन हाय या हप्त्यात. तिची हलद उतरू दे, मंग सांगते."

पोरगी म्हणजे तिच्या दिराची मुलगी. आई लहानपणीच गेली, आणि हिला मूलबाळ नाही. म्हणून हिनेच तिला पदराखाली वाढवलं होतं. मला एवढं कळलं की मारणारा घरातला किंवा भावकीतला आहे. पण तिच्या घरच्या जमिनीवर डोळा असलेले त्या भावकीत पाचसहा जण होते.

"आणि तोपर्यंत त्याने पुन्हा घाव घातला तर?" मी विचारलं. "गड्याला सोडलं तर खरा मारणारा सावध होईल."

"होव दे. पन माज्यापायी त्या गरिबाला आत नको ठेवू."

मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. जिवावर बेतलेलं असताना हिला हळदीचं पडलंय! तरी गड्याला मी सोडला.

डोक्याला पट्टी बांधून ती घरी गेली आणि थेट मांडवात बसली. दुसरी धवलारीण आणायचं नाव कोणी काढलं तर अंगावर धावून जायची. आम्ही साध्या कपड्यांत लग्नाला हजर राहिलो. जमादार वाढप्यांत घुसला, पण मिशी मात्र पोलिसाचीच राहिली. पंगतीत लोक त्याच्याकडे बघून ताठ बसून जेवत होते.

मी खांबाला टेकून उभा होतो. तिचा धवला सुरू झाला. आवाज आधी कापरा होता, मग भरत गेला. मुलीचा हात नवऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली. मुलीचा बाप पुढे झाला, आणि धवला थांबला.

"थांब," ती दिराला म्हणाली. "पोरीचा हात तू नको देव. तुजा मोठा भाव देल."

मोठा भाऊ म्हणजे तिचा नवरा. लोकांना वाटलं, थोरल्याचा मान राखतेय. म्हाताऱ्या माना डोलल्या. मी मात्र बापाकडे बघत होतो. एकुलत्या लेकीचा हात देण्याचा मान कोणता बाप सोडील? भांडला असता. निदान 'का' म्हणून विचारलं असतं. हा नुसता दोन पावलं मागे सरला आणि जमिनीकडे बघत राहिला. जमादारानेही ते पाहिलं आणि वरणाचं भांडं खाली ठेवलं. मी त्याला नजरेनेच थोपवलं.

वऱ्हाड शहाडच्या बाजूला निघालं. मुलगी काकीच्या गळ्यात पडून रडली. बैलगाड्या दिसेनाशा झाल्यावर काकी माझ्याकडे आली. "लिवा आता," म्हणाली आणि दिराचं नाव सांगितलं. चिखलात पडताना तिने त्याला बघितलं होतं. सामाईक शेत विकायला ती आपल्या नवऱ्याला अंगठा उठवू देत नव्हती, एवढंच कारण. दीर पळाला नाही. त्यानेच पंचांसमोर खाडीतला कोयता काढून दिला.

खटला ठाण्यात चालला. तिच्या साक्षीच्या दिवशी पुतणी सासरहून आली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात दोघी बाकावर बसल्या होत्या. मी जवळच होतो.

"काकी, तवाच मना का नाय सांगितला?" पोरगी रागाने म्हणाली. "सांगितला असतास त मी लगीन मोडला असता."

"म्हनून त नाय सांगितला," काकी म्हणाली.

पोरीने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मला तिथे उभं राहवेना.

साक्षीदार गप्प राहिला की आम्ही पोलीस दोनच कारणं धरतो, भीती किंवा लाच. तिसरं कारण मला त्या बाईने शिकवलं. पुढच्या सबंध नोकरीत गप्प माणूस समोर आला की मी दरडावणं सोडलं. आधी विचारायचो, "तुम्ही कोणाला सांभाळताय?" बहुतेक जण यावर रडायचे, आणि मग बोलायचे.