पाहुण्यांची खुर्ची

१७ ऑगस्ट १९७९. शाळेच्या वाचनालयात मी नव्या पुस्तकांना खाकी कागद चढवत होते. शकू दारात येऊन उभी राहिली.

शकू नववीतली. वर्गातल्या एका मुलीच्या नव्या फ्रॉकवर तिनं शाईची दौत ओतली होती आणि भंडाऱ्याला मावशीकडे पळून गेली होती. का, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. माझ्या लक्षात आलं होतं. आमची घरं एकाच वस्तीत. आमचे लोक बौद्ध झाले तेव्हा मी शाळेत होते, आणि मलाही त्या वयात कोणीतरी जातीवरून काहीतरी बोललेलं होतं. मी दौत ओतली नाही. गप्प बसले. त्यालाच सगळे शहाणपण म्हणायचे.

पळायच्या आधी शकूनं माझ्याकडून एक किशोर कादंबरी नेली होती. त्यातला मुलगा शाळेची प्रयोगशाळा फोडतो, पळतो, परत येतो. हेडमास्तरांच्या घरी जाऊन माफी मागतो. ते त्याला शेजारी बसवतात, चहा देतात, प्रयोगशाळेची किल्ली त्याच्याच हातात ठेवतात.

"बाई, आपणबी जाऊ ना मोठ्या बाईच्या घरी," शकू म्हणाली. "मी माफी मागतो. पाठ केली."

"पुस्तकातलं पुस्तकात असते वं," मी म्हटलं.

"मंग काहून देता आमाले वाचाले?"

संध्याकाळी मी तिच्याबरोबर निघाले.

मोठ्या बाईंचं, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेचं, घर रामदासपेठेत. मी सवयीनं मागच्या दाराकडे वळले. शकू समोरच्या फाटकातून सरळ आत गेली आणि व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीवर बसली. पुस्तकातला मुलगा तसाच बसला होता.

मोठ्या बाई बाहेर आल्या. आधी खुर्चीकडे पाहिलं.

"ऊठ. ती पाहुण्यांची आहे."

शकू उठली. मोलकरणीनं येऊन खुर्ची ओल्या फडक्यानं पुसली. आमच्यासमोर. मग दोन कप चहा आणला, कान तुटलेल्या कपांतून. पायरीवर ठेवला.

शकूनं उभ्यानंच माफी म्हटली. एक शब्द चुकला नाही. मोठ्या बाई हसल्या.

"हे कुठून शिकलीस?"

"पुस्तकातून."

"अगं, ते मीही वाचलंय. तो मुलगा डॉक्टरांचा होता. चांगल्या घरातला. त्याच्या हातून चूक झाली. तुमच्यात हे चालतंच."

शकू माझ्याकडे बघू लागली. मी पायरीकडे.

"आणि तुम्ही," त्या मला म्हणाल्या, "तुम्हाला नोकरी दिली, मानानं वागवलं. आता या पोरींची वकिली करता? तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मी दुपारीच सही केली आहे. उद्या तिच्या बापाला नेऊन द्या. तुमच्याच वस्तीत राहतो ना?"

दुपारीच. म्हणजे माफी ऐकण्याआधीच.

मानानं. स्टाफरूमच्या खिडकीत माझा पेला वेगळा असायचा. तो मी स्वतः धुवायचे, स्वतः पालथा घालायचे. इतकी वर्षं. कोणी सांगितलंही नव्हतं.

चहा तसाच ठेवून आम्ही निघालो. बरंच अंतर चालल्यावर शकू म्हणाली, "बाई, ते पुस्तक खोटं होतं का?"

"नाही. त्यात आपण नव्हतो, एवढंच."

"तुम्ही दाखला आणून देसान का बापाले?"

मी थकले होते. घरी जाऊन भाकरी टाकायच्या होत्या. नोकरी गेली तर घर कशावर चालेल, हा हिशेब मला कोणी शिकवायला नको होता. तिला तिच्या दारात सोडून मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. मी उजाडताच शकूच्या घरी गेले. बाप दारात दात घासत होता. "तिले तयार करा, वर्गात बसवतो," एवढंच त्याला सांगितलं. तिला घेऊन शाळेच्या पुढच्या फाटकातून शिरले आणि नववीत पहिल्या बाकावर बसवलं.

मोठ्या बाई आल्या. "हे काय चाललंय?"

"दाखला तुमच्या टेबलावर आहे. द्यायचा असेल तर इथं द्या, सगळ्या मुलींसमोर. आणि का देता ते मोठ्यानं सांगा. काल मला सांगितलं, त्याच शब्दांत. मी नेऊन देणार नाही. हिचाही नाही, हिच्यानंतर कोणाचाही नाही."

वर्गात कोणी वही उघडली नाही. मी बाकाशेजारी उभी राहिले आणि त्या बोलायची वाट पाहू लागले.