मी शेजाऱ्यांचं नेट आवळलं

आमच्याकडं पावण्याला आधी पाणी विचारतात, मग चहा, आणि तो जरा टेकला की वायफायचा पासवर्ड. ही शेवटची रीत मीच पाडली. त्यामुळं नेट रडायला लागलं तेव्हा निम्मी गल्ली माझ्या जिवावर सिनेमे बघतेय, याबद्दल मला शंकाच उरली नाही.

मोबाईलवर राऊटरचं ॲप उघडलं. कुठल्या फोनला, कुठल्या लॅपटॉपला किती वेग द्यायचा, ते तिथं ठरवता येतं. घरातले फोन ओळखीचे होते. एक लॅपटॉप मात्र नुसत्या अक्षर-आकड्यांच्या नावाचा. सापडला चोर! भिंतीला भिंत लागून राहणारे टेलरचाचा, दुसरं कोण? एकदम बंद करणं बरं दिसेना, म्हणून वेग इतका आवळला की एक फोटो उघडायला चहा व्हावा. वर कुणी हात लावू नये म्हणून ॲपचा पासवर्डही बदलला, आणि समाधानानं झोपलो.

दुसऱ्या दिवशी मुलीची नोकरीची मुलाखत होती, ऑनलाइन. वर्षभर खपून ती इथवर पोचलेली. सुरू होते न होते तोच आतून हाक आली, "बाबा, सगळं अडकतंय! माझा आवाजच जात न्हाय तिकडं!"

धावलो. टेबलावर लॅपटॉप होता, तिनं मैत्रिणीकडून खास मुलाखतीसाठी आदल्या दिवशीच आणलेला. चोर कोण ते तेव्हा कळलं. ॲप उघडलं, तर नवा पासवर्ड काही केल्या आठवेना. मोबाईलचं नेट जोडून द्यावं, तर आमच्या घरात रेंज गच्चीवर गेल्याशिवाय मिळत नाही.

"काय केलासा?" बायकोनं विचारलं.

"काय न्हाय."

"मग घाम कशाला फुटलाय?"

आरडाओरडा भिंतीपलीकडं गेलाच. चाची दारात आल्या. "पोरीला इकडं पाठवा की! आमचं नेट हाय."

"तुमचं?" मी.

"व्हय. कवाच घेतलंय. तुमच्यावर किती भार टाकायचा?"

मुलगी लॅपटॉप घेऊन पळाली. मुलाखत घेणाऱ्यांनी, भली माणसं, पुन्हा जोडून घेतलं. चाचींनी कापड बेतायच्या टेबलावरचे ब्लाऊज एका हातानं सारले. लग्नसराईत एरवी क्षणभर न थांबणारी मशीन चाचांनी बंद केली आणि ते उंबऱ्यावर राखणीला बसले. तेवढ्यात भाजीवाला आला.

"ओ पावणं, वरडू नका! आत इंटरव्ह्यू चाललाय!" चाचा भाजीवाल्याच्या दुप्पट आवाजात ओरडले.

मुलाखत घेणारेही हसले म्हणे. तिथून पोरीची भीतीच गेली.

काही दिवसांनी निवड झाल्याचा फोन आला. तिनं आधी चाचींची भिंत वाजवली, मला नंतर सांगितलं. मला जराही वाईट वाटलं नाही. मी पेढे आणायला निघालो, आणि पहिला पुडा कुणाच्या घरी द्यायचा हे तिला विचारावं लागलं नाही.