पखवाजाची कणीक आणि केशरबाईची शेळी

पखवाजाच्या डाव्या बाजूला ओली कणीक थापायची ती ऐन वाजवायच्या वेळी. बन्सीधरकाकांनी ती दुपारीच थापली, तीही दोन पोळ्या होतील एवढी, आणि पखवाज मारुतीच्या पारावर ठेवून ते शेजारीच पेंगले. जाग आली तेव्हा केशरबाईची शेळी तृप्त होऊन रवंथ करत होती आणि कातड्याला हे एवढं भोक पडलं होतं.

संध्याकाळी सप्ताहातला हरिपाठ पहिल्यांदाच पोरांचा होता. ही पोरं जमवली ईश्वरीनं. दिवसभर शिलाई मशीन चालवायची आणि दिवेलागणीला देवळात लेकरं गोळा करायची. बारकी फुटाण्यांसाठी यायची. टपरीवर बसणाऱ्या मोठ्या पोरांना मात्र तिनं कधी उपदेश केला नाही. "सतरंज्या उचलायला माणूस कमी पडायलंय," एवढंच म्हणायची. नियम एकच : ज्याची चूक, त्यानं त्या दिवशी सगळ्यांच्या चपला ओळीनं लावायच्या. स्वतःची चूक झाली तर तीसुद्धा लावायची.

फाटका पखवाज पाहून तो वाजवणाऱ्या, टपरीवरच्याच मुकुलचं तोंड उतरलं. "मी जातो, ताई. हात हलवीत बसू का?"

तो उठला की टपरीवरचे बाकीचेही उठणार, आणि पुन्हा येणार नाहीत, हे ईश्वरीला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात मोठ्या भजनी मंडळाचे किशनराव पुढं सरसावले. "आज आमीच म्हणतो की. लेकरांचं पुढच्या साली बघू."

"पुढच्या साली ही हितं बसतील का, मामा?" म्हणत तिनं पाण्याची घागर रिकामी केली. "काका, मांडी घाला. घट्ट धरा हिला."

काका बारक्या पोरांत बसले. पोट आणि घागर यांत थोरलं कोण, यावर पोरींत खुसखुस झाली. मुकुलचा उजवा हात पखवाजावर, डावा काकांच्या मांडीतल्या घागरीवर. पहिल्या अभंगाला घागर नुसतीच बोंबलली. काकांनी ती पोटाशी कवटाळली तेव्हा कुठं घुमायला लागली. मग टाळ मिळाले, पोरांचे आवाज चढले. शेवटी किशनरावही टाळ्या देत होते. मुकुल तर हरिपाठ संपला तरी वाजवतच होता.

काकांना लय बरं वाटलं. कंबर धरत ते उठले. "काय ईश्वरीताई, झाली ना आमची भरपाई?"

ती सतरंजीची घडी घालत म्हणाली, "चपला राहिल्यात, काका."