मुलींना बॅटन शिकवणाऱ्या आमच्या रेखा मॅडम

रेखा मॅडम आज सकाळी गेल्या.
त्यांना नावं ठेवणाऱ्यांनो, आज तरी गप बसा.

जैनथकडच्या आमच्या शाळेत त्या पीटी टीचर होत्या. लग्न केलं नाही, स्कूटी चालवायच्या आणि मुलींना बॅटन शिकवायच्या.

बॅटन म्हणजे बँडच्या पुढं चालणारा जी बोटांतून गरगर फिरवतो, वर फेकून झेलतो, ती काठी.

शाळेत बॅटन नव्हतीच. मॅडमनं बांबू कापून आणले, टोकांना सायकलची ट्यूब गुंडाळली.
पहिल्याच दिवशी मी स्वतःच्या ओठावर मारून घेतली. रक्त आलं.

"पुरा हात काऊन हलवून राह्यली? मनगट फिरव, मनगट!"

मी रडायला लागले.

"रडता रडता फिरव. चालते."

घरी काकाला कळलं. "पोरगी काय वरातीत नाचनार हाय का?"

दुसऱ्या दिवशी मॅडम आमच्या अंगणात हजर. काकाच्या हातात बांबू दिला.
"फिरवून दाखवा भाऊ. तुमाले जमलं तर हिले घरी बसवते."

काकाला जमलं नाही.
आई आत जाऊन हसली.

पंधरा ऑगस्टला गावातले एक वजनदार गृहस्थ म्हणाले, बँडच्या पुढं पोरगा ठेवा, पोरगी बरी दिसत नाही.

मॅडम म्हणाल्या, "मग बँड निघनार नाही."

ड्रमवाल्या पोरींनी ड्रम खाली ठेवले. झेंडा फडकलेला, सगळं गाव आमच्याकडं बघतंय.
शेवटी हेडमास्तर हळूच म्हणाले, "सरे, ठीक आहे, निघा."

पुढं मी होते. पंचायतीसमोर बॅटन वर फेकली आणि ती धप्पकन पडली. लोक हसले.
उचलली. परत फेकली. झेलली.

त्यानंतर मॅडमची बदली झाली, उटनूरकडं. का झाली, सगळ्यांना माहीत आहे.
तिथंही त्यांनी मुलींची टीम उभी केली.

मागच्या वर्षी कॅन्सरचं ऑपरेशन झालं. उजवा हात वर जाईना. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "डाव्या हातानं फिरवायले शिकव मले. आता तू मॅडम."

पलंगावर बसून शिकायला लागल्या. एकदम पहिल्यापासून. सारखी पाडायच्या.
शेजारीण म्हणाली, "आता कायले हा तरास, बाई?"

"मले येत नाही म्हून."

फेकून झेलणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. पण फिरवायच्या मस्त.

आज कोणीतरी म्हणालं, बायकांनी स्मशानात येऊ नये.
आम्ही त्यांच्या सगळ्या पोरी गेलो. खांदाही आम्हीच दिला.

येत्या सोमवारपासून संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मी मुलींचा बॅटन क्लास सुरू करतेय. पोरींना पाठवा.
ज्यांना काही बोलायचंय त्यांनी मैदानावर या, तोंडावर बोला.

मॅडम, तुमी जा निवांत.
इथलं आमी पाहून घेतो.