चोथ्यासकट

बशीरभाई बातमी वाचायच्या आधी लाल पेनाचं टोपण काढत. औरंगाबादच्या आमच्या दैनिकात ते मुख्य उपसंपादक होते. नवख्यांनाही अहोजाहो करत, पण मजकुराला दयामाया नसे. शब्दावर पेन टेकवून एकच प्रश्न विचारत, "हा काढला तर काय बिघडतंय?" बहुतेक वेळा काहीच बिघडत नसे. माझी पहिली बातमी त्यांनी अर्ध्यावर आणली आणि म्हणाले, "चोथा गेला, रस उरला." चुकून खोडलेल्या शब्दाखाली ते टिंबं देत आणि समासात लिहीत : ठेवा. तशी वेळ क्वचितच येई.

त्यांच्या पडेगावच्या घरीही हाच शिरस्ता होता. गव्हाचं पीठ मैद्यासारखं होईपर्यंत चाळलेलं, डाळ बिनसालीची, मोसंबीचा रस फडक्यातून गाळलेला. त्यांच्या पत्नी जुबेदाभाभी म्हणत, "बातमी असो का पोळी, यांना चाळल्याबिगर चालत नाय."

निवृत्तीला काही वर्षं असताना त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. मथळे दिसत, मजकूर दिसेना. रक्तातली साखर उतरल्याशिवाय शस्त्रक्रिया करणार नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. न वाचणाऱ्या उपसंपादकाला डेस्कवर जागा नसते, हे सांगायची कुणाला गरज नव्हती. त्यांनी चहातली साखर सोडली, ईदचा शीरखुर्मा सोडला. साखर हलेना.

आजाऱ्याकडे मोसंबी न्यायची आपली रीत. आम्ही सगळे पिशव्या भरून नेत होतो आणि भाभी पेले भरभरून रस देत होत्या. फळच आहे, साखर थोडीच, अशी सगळ्यांची समजूत.

पुढच्या तपासणीला मी सोबत होतो. दिवसभराचं खाणं बशीरभाईंनी चार वाक्यांत सांगितलं. बाईंनी समजावलं की गाळलेला रस साखर झटकन वाढवतो. अख्ख्या फळात तिला आवर घालणारा चोथा असतो आणि पिठातल्या कोंड्याचंही तेच. मग म्हणाल्या, "कामाचं तेवढं तुम्ही टाकून देताय."

रिक्षातून उतरून बशीरभाई घरी आले. दारातच भाभींना म्हणाले, "चाळणी ठेवून दे. आपण लई वर्सं चुकीचं कापलं."

गोळ्या चालू होत्याच. ताटात आता न चाळलेल्या पिठाची ज्वारीची भाकरी, सालीसकट मूग, काकडी आली. सुरुवातीला ते चावताना कपाळाला आठ्या घालत, लांबलेली बातमी वाचताना घालत तशाच. हळूहळू साखर उतरली. बाईंनी एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख दिली तेव्हा भाभी बऱ्याच दिवसांनी हसल्या.

पट्टी निघाल्यावर मी त्यांना भेटायला गेलो तो त्या दिवशीचा अंक घेऊनच. त्यांनी तो हातभर लांब धरला आणि पहिल्या पानावरची एक बातमी अडखळत, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. "दोन शब्द जास्त झालेत," एवढंच म्हणाले. भाभींनी ओढणीनं डोळे टिपले. मी मोसंबी सोलली आणि फोडींवरचे पांढरे धागे काढू लागलो.

बशीरभाईंनी माझं मनगट धरलं.

"ठेवा," ते म्हणाले.