गिधाडं गेली, बिबट्या आला

बायको गेली त्याच उन्हाळ्यात तिची गाय गेली. वासरापासून तिनंच वाढवलेली. बायकोमागं तिचं म्हणून जितंजागतं एवढंच उरलं होतं.

मला ती पुरायची नव्हती. पूर्वी मेलेलं जनावर माळावर ओढून टाकायचे. वरून गिधाडं उतरायची, दिवस मावळेपर्यंत नुसता सांगाडा. बायको म्हणायची, "असंच बरं. मातीत कुजणं न्हाई." म्हणून ट्रॅक्टरला बांधून गाय माळावर नेली आन् कुत्री हाकलत आभाळाकडं बघत बसलो.

कावळे आले. बाकी कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी वास सुटला. शेजारी बोंबलत आला, "आप्पा, गिधाडाची वाट बघताय का गोऱ्या साहेबाची? दोघं बी कवाच गेली!" त्यानंच वनखात्याच्या माणसाला बोलावलं.

खात्याचा माणूस म्हणाला, "आप्पा, या वासानं उसातला बिबट्या इथं मुक्कामाला यील."

"मंग गिधाडं का यीनात?"

"गिधाड पक्षी, बिबट्या मांजराच्या कुळातला. कायद्यानं दोघांना बी संरक्षण. पण बिबट्याला जंगलच लागतं असं न्हाई. उसात वितो, कुत्री-शेळ्या खातो. शिरूरचा ऊस तुटला की नदी वलांडून दौंडच्या उसात. गिधाडाला उंच कडा लागतो, वर्साला अंडं एकच. हिकडची संपली. कोकणात थोडी हायेत."

"संपली कशानं?"

"ढोरांच्या सुजेच्या इंजेक्शनानं. तसलं ढोर खाल्लं की मरत्यात. हिला दिलं व्हतं का?"

दिलं होतं. पाय सुजला तवा डॉक्टर टोचून गेला होता.

"मंग न्हाई आली तेच बरं झालं."

त्यात बरं काय, मला अजून कळलेलं नाही. कायदा एकच, एक उसात मावेना, दुसरं डोळ्याला दिसेना. आन् माझी बायको तर कुठल्याच कायद्यात नव्हती.

जेसीबीनं खड्डा काढला. मिठाची गोणी ओतली. आत ढकलताना गाईची मान मुडपली. सरळ करायला उतरत होतो, कुणी उतरू दिलं नाही.

सकाळी जाऊन बघतो तर भोवती बिबट्याच्या पंजांचे ठसे. माती उकरलेली, शिंगाचं टोक उघडं. मी फावड्यानं माती ओढली, वर बाभळीचे काटे रचले. काट्यानं तो थांबत नाही, एवढं मलाबी कळतं. दुसरं काही हातात उरलेलं नाही.